कोंबडी कोणी नेली?

डोंगराखालच्या गावात कोंबडी नाहीशी झाली की सकाळी पहिला प्रश्न निघतो, "कोणी नेली?" या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर लिहिलेले असते. पण खाली वाकून जमीन पाहणारे थोडे. बोट उठते ते वाडीकडे, झोपडीकडे, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही त्याच्याकडे. कोंबड्या कशा राखाव्यात हे आज आम्हाला सांगायचे आहे. पण कोंबडी राखणे म्हणजे नुसते खुराडे बंद करणे नव्हे. कोणी नेली हे ओळखता येणे हा राखणीचा निम्मा भाग आहे, आणि त्यात माणसाची अब्रूही राखली जाते.

आम्ही दोघे डोंबिवलीच्या चाळीतले. एकाची हयात अंबरनाथच्या कारखान्यात गेली, एकीची शिवणयंत्रावर. कल्याणहून बदलापूरची गाडी निघाली की उजव्या हाताला मलंगगड दिसतो, पुढे चंदेरीचा सुळका, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर माथेरानची रांग. त्या डोंगरांच्या पायथ्याशी आमच्या आत्याबाईंचे घर आहे. कामातून मोकळे झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस आम्ही तिथेच असतो. भात, थोडी भाजी आणि पंधरा-वीस गावठी कोंबड्या एवढाच तिथला संसार. आमच्या वाचकांतल्या कितीतरी घरांचे गाव असेच मुरबाड, शहापूर, अंबरनाथ तालुक्यात आहे. कित्येकजण तर मुंब्रा-कळव्याच्या डोंगरउतारावर किंवा ठाण्याच्या येऊरखाली राहतात आणि दारात चार कोंबड्या पाळतात. त्या सर्वांसाठी हे लिहिले आहे.

कोंबडी ही बाईच्या हक्काची मिळकत. गाय-बैल घरधन्याचे, जमीन सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची. पण अंड्याचे पैसे बाईच्या पदराच्या गाठीला राहतात आणि ते खर्चायला कोणाला विचारावे लागत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, तीही थांबून थांबून. मध्येच ती खुडूक होते, २१ दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लांमागे हिंडते. आकडा लहान दिसतो. पण मुलीचा एसटीचा पास, परीक्षेचा फॉर्म, वह्या, आजारपणातली रिक्षा हे सारे या लहान आकड्यातूनच निघते. आत्याबाईंनी दोन मुली अशाच शिकवल्या. म्हणून एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या तर ते नुकसान कोणा मुलीच्या शाळेपर्यंत जाऊन पोहोचते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी गावात लागोपाठ तीन रात्री तीन कोंबड्या गेल्या. एक आत्याबाईंची, दोन शेजारच्या वहिनींच्या. कुठे आरडाओरड नाही, रक्त नाही. माणसांनी लगेच ठरवून टाकले की हे माणसाचेच काम. कातकरी वाडीतला एक पोरगा शेताच्या बांधावर खेकडे धरायला येत असे. दोन दिवसांत त्याचे नाव चारचौघांच्या तोंडी झाले. एकजण तर त्याला झाडाला बांधायची भाषा बोलू लागला.

आम्हाला तो दिवस जड गेला. गावात काही हरवले की पहिला आळ कोणावर येत असे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. गावाची राखण आपल्या माणसांनी करायची आणि चोरी झाली की दारही आपलेच ठोठावले जायचे. तो अनुभव ज्यांच्या घरात आहे त्यांनी दुसऱ्या गरिबाकडे पुराव्यावाचून बोट दाखवू नये, असे आत्याबाई त्या दिवशी चावडीवर सर्वांसमोर बोलल्या. नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. त्या थेट वाडीवर गेल्या आणि त्या पोराच्या आजोबांना म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला रानाची माहिती आहे. एकदा येऊन बघा."

म्हातारबाबा आले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. खुराड्याभोवती दोनदा फिरले, कारवीच्या कुडाचा खालचा कोपरा हाताने चाचपला. पावसाने तो कुजला होता, आणि त्या फटीत करड्या रंगाचे चार केस अडकले होते. मग बांधाने चालत करवंदीच्या जाळीपाशी गेले. तिथे पिसांचा ढीग होता. म्हणाले, "बाय, माणूस कोंबडी नेतो तर पिसं घरी जाऊन काढतो. इथं जाळीखाली बसून काढत नाही." संध्याकाळी त्यांनी चुलीतली राख चाळून फटीसमोर पसरायला सांगितली. सकाळी राखेवर गोल पावले उमटली होती. चार बोटे, मागे गादी, आणि नखांची खूण नाही. ते रानमांजर होते. कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात; मांजर जातीचा प्राणी चालताना नखे आत घेतो. सारे गाव ती राख पाहून गेले. झाडाला बांधायची भाषा करणारेही आले, खाली पाहत उभे राहिले आणि निघून गेले.

तेव्हापासून म्हातारबाबांकडून आणि आत्याबाईंकडून आम्ही जे शिकलो ते सांगतो.

कोंबडी रात्रीतून पूर्ण नाहीशी झाली आणि थोड्या अंतरावर पिसे सापडली, तर रानमांजर किंवा कोल्हा समजावा. दोघेही भक्ष्य उचलून नेतात. कोल्हा दिवेलागणीला आणि पहाटे जास्त फिरतो. ठाणे खाडीच्या कांदळवनातही कोल्हे आहेत, त्यामुळे खाडीकाठच्या वस्तीने आपल्याकडे कोल्हा कुठला, असे म्हणू नये. अंगणभर पिसे पसरली आहेत, अनेक कोंबड्या मेल्या आहेत आणि खाल्ली एकही नाही, तर ती भटकी कुत्री. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान कुत्रीच करतात आणि आळ बिबट्यावर जातो.

कौल सरकलेले आहे, आत एक-दोन कोंबड्या मेल्या आहेत आणि मान किंवा डोके तेवढे खाल्ले आहे, तर उदमांजर. ते झाडावरून छपरावर उतरते आणि येते रात्रीच. त्याच्या पावलात पाच बोटे उमटतात. मुंगूस मात्र दिवसाचा चोर. आपण शेतावर असताना ते बिळासारख्या फटीतून शिरते आणि पिल्लांच्या मानेला धरते. त्याचीही बोटे पाच, पण नखांच्या खुणा स्पष्ट दिसतात. जमीन पोखरलेली, पिल्लांचे पाय कुरतडलेले दिसले तर घूस. अंडी सालासकट नाहीशी झाली तर साप. साले फुटून पडली असतील तर मुंगूस किंवा कावळा. आणि भर दुपारी पिल्लू गेले, जमिनीवर काहीच खूण नाही, तर वर पाहावे. ती घार किंवा शिक्रा.

एखादी कोंबडी जागच्या जागी मेली आणि अंगावर जखम नाही, तर दोन शक्यता. अंड्यावर बसलेल्या कोंबडीला नागाने दंश केला असेल, किंवा रोग असेल. हिरवट पातळ शिट, मान वाकडी होणे ही मानमोडीची लक्षणे आहेत. तिला कोणतीही जाळी अडवत नाही, लसच अडवते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. अशी मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये. खोल खड्डा करून चुना घालून पुरावी.

आता खुराड्याविषयी. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. तिचे मूळ पूर्वज म्हणजे तांबडे रानकोंबडे, ते रात्री झाडाच्या फांदीवर बसतात. आपली कोंबडीही सूर्य मावळला की उंच जागा शोधते आणि एकदा बसली की दगडासारखी बसते. शेजारची उचलून नेली तरी ती हलत नाही. तीन रात्री आरडाओरड का झाली नाही, त्याचे कारण हेच. म्हणजे रात्री तिचे रक्षण तिला स्वतःला करता येत नाही. दिवसा ती चपळ, रात्री ती आपल्या भरवशावर.

म्हणून खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट वर, चार खांबांवर करावे. खांबांना मध्ये पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळला की घूस आणि उंदीर वर चढत नाहीत. बाजारात षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. तिच्याने कोंबडी आत राहते, पण बाहेरचा प्राणी बाहेर राहत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, साप भोकातून आत जातो. अर्ध्या इंच चौकोनाची वेल्डमेश जाळी घ्यावी. ती महाग पडते, म्हणून खालचा तीन फूट भाग तिचा करावा आणि छपराखालची हवेची फट तिने बंद करावी. बाकी फळ्या, कारवी, पत्रा जे असेल ते. आम्ही उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून जुन्या खिडक्यांच्या जाळ्या आणि मोडक्या लोखंडी खाटेची चौकट आणली, त्यात अर्धे खुराडे झाले. प्लास्टिक गुंडाळून हवा कोंडू नये, कोंबड्या आजारी पडतात.

खुराडे जमिनीवरच असेल तर जाळी भिंतीच्या तळाशी न थांबवता बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरावी आणि वर माती-दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरतो. त्याच्या नखाला जाळी लागली की तो बहुतेक नाद सोडतो. दाराला नुसती दोरी बांधू नये. एक कडी वर, एक खाली असावी. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर हात फिरवून प्रत्येक कोपरा तपासावा. जिथे दोन बोटे जातात तिथे मुंगसाचे पिल्लू जाते, असे आत्याबाई सांगतात.

पिल्लांचे पहिले सहा-आठ आठवडे सर्वांत धोक्याचे. कोंबडी बाहेर झुडपात अंड्यांवर बसली असेल तर तिला घरात, मडक्यात किंवा टोपलीत पेंढा घालून बसवावे. पिल्ले निघाली की पहिले तीन-चार आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवावीत, थोडा वेळ आपल्या नजरेसमोर सोडावीत. घारीसाठी अंगणात आडोसा हवा. पेंढ्याचा लहान मांडव, करवंदीची जाळी, तुरीच्या काड्यांचे कूड, काहीही चालते. मोकळ्या पटांगणात पिल्लाला पळायला जागा नसते. आडोसा दहा पावलांवर असला की ते वाचते. पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते, करडी आणि काळी मातीत मिसळून जाते. म्हणून जुन्या बायका अंड्यांवर बसवायला करड्या कोंबडीची अंडी निवडत.

कळपात एक जाणता कोंबडा असावा. त्याच्या धोक्याच्या हाका दोन असतात आणि शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिले आहे. आकाशात घार दिसली तर तो एक बारीक, लांब ओढलेला सूर काढतो. तो ऐकताच कोंबड्या आडोशाला पळतात किंवा जमिनीला चिकटून बसतात. जमिनीवरून कुत्रा-मुंगूस आले तर तो तुटक, मोठ्याने ओरडतो. मग सगळ्या माना उंच करून इकडेतिकडे पाहतात. घरातल्या बाईला या दोन हाका ओळखता आल्या की काठी घेऊन धावायचे की वर पाहायचे, हे तिला चुलीपाशी बसूनच कळते.

रात्री खुराड्याजवळ दाणे सांडलेले ठेवू नयेत. दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे साप. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. म्हणून अंडी काढायला अंधारात हात घालू नका, मुलांना घालू देऊ नका. आधी बॅटरी मारा, मग काठी फिरवा, मग हात. साप चावलाच तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. तसेच कोल्हा किंवा कुत्रा हटवताना चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. कोंबडी पुन्हा आणता येते.

काही ठिकाणी रागाच्या भरात मेलेल्या कोंबडीत पिकावरचे औषध घालून ती बांधावर ठेवतात किंवा कुंपणात वीज सोडतात. असे कोणीही करू नये. ते विष घार खाते, गावचा कुत्रा खातो, ओढ्याच्या पाण्यात उतरते आणि शेवटी शेळीपर्यंत किंवा मुलापर्यंत येते. विजेच्या कुंपणाने माणसे मेलेली आहेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर, कोल्हा, मुंगूस, घोरपड, साप, बिबट्या यांना मारणे गुन्हा आहे. आणि यांतले बरेचजण शेतातले उंदीर खातात, म्हणजे आपल्या भाताची राखण करतात. त्यांनी कोंबडी खाऊ नये एवढेच आपल्याला हवे आहे, आणि ते काम विषापेक्षा कडीने चांगले होते.

राहिला बिबट्या. त्याची भीती सर्वांत मोठी. पण तो मुख्यतः कोंबडीसाठी येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, त्याची एक बाजू आपल्या येऊरला लागून आहे. तिथल्या अभ्यासांत बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा दिसून आला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यात बिबट्या एका मॉलच्या आवारात शिरला. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागात तो एका इमारतीत आला आणि माणसे जखमी झाली. डोंगर पोखरून वस्ती वर चढते आहे, आणि त्या वस्तीचा कचरा पायथ्याशी पडतो. कोंबडीच्या दुकानांतली आतडी, पिसे, डोकी रात्री टेम्पोतून आणून डोंगराखाली ओततात. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि वाटेत आपले खुराडे आणि आपले मूल लागते. म्हणून घाण टाकणाऱ्याला अडवणे, नगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देणे, अर्जाची पोच घेणे हेही कोंबडीच्या राखणीचेच काम समजावे. एकट्याने न जाता महिला मंडळाने मिळून जावे. रात्री दारातला कुत्रा बाहेर बांधून ठेवू नये. तो बिबट्याला आमंत्रण ठरतो. बिबट्या दिसला तर पाठलाग न करता, गर्दी न जमवता वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

त्या वर्षी आत्याबाईंचे खुराडे नव्याने बांधले तेव्हा म्हातारबाबांचा तो नातू आठवडाभर मदतीला होता. त्याला मजुरी रोख दिली. वर आत्याबाईंनी त्याच्या आईला दोन तलंगा आणि एक कोंबडा दिला. आता वाडीवर सात घरांत कोंबड्या आहेत आणि कोणाची कोंबडी हरवली की आधी त्या पोराला बोलावणे जाते. तो येतो, वाकतो, पाहतो आणि सांगतो. त्याचे बोलणे गाव ऐकते.

भगिनींनो, रोज दिवेलागणीला कोंबड्या मोजा, कडी लावा आणि मगच चुलीकडे वळा. एखाद्या सकाळी मोजणी कमी भरली तर केरसुणी उचलू नका, आवाज चढवू नका. आधी जमीन पाहा. पिसे कुठे पडली, पावले कसली, फट कुठे आहे ते पाहा. मुलांनाही सोबत घ्या, त्यांनाही वाकून पाहायला शिकवा. पुरावा पाहिल्यावाचून कोणाचे नाव घ्यायचे नाही, हा धडा त्यांना लहानपणी खुराड्यापाशी मिळाला तर तो पुढे कोर्टकचेरीत, कारखान्यात आणि मोहल्ल्यातही त्यांच्या उपयोगी पडेल.